ज्यांना नकार देता येत नाही, त्यांना मानद पदवी देऊ नये

गेल्या महिन्यात फोंड्यात आम्हा पंधरा-वीस साहित्यप्रेमींची एक घरगुती बैठक झाली. गोव्याचे नाव देशभर नेणाऱ्या, परंतु आज हयात नसलेल्या काही थोर व्यक्तींना गोवा विद्यापीठाने मरणोत्तर डी. लिट. द्यावी, अशी मागणी करणारे पत्र आपण सर्वांच्या सह्यांनिशी पाठवावे, असा ठराव तेथे मांडला गेला. नावे वाचून दाखवली जात होती तेव्हा प्रत्येक नावाला मी मनातल्या मनात हात जोडले. पण सहीचा कागद माझ्याकडे आला तेव्हा तो सही न करता शेजारी दिला. दोन-तीन स्नेही त्यामुळे दुखावले. "तुम्हाला बाकीबाबही नकोत का?" असे एका ज्येष्ठ लेखिकाबाईंनी विचारले, आणि त्या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. ते येथे सविस्तर देतो आहे.

बाकीबाबांपासूनच सुरुवात करतो, कारण ठरावाच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण त्यांचेच आहे. बाकीबाब म्हणजे कवी बा. भ. बोरकर ८ जुलै १९८४ रोजी गेले आणि गोवा विद्यापीठाचे काम जून १९८५ मध्ये सुरू झाले. मधले अंतर अवघे अकरा महिन्यांचे. जे विद्यापीठ अस्तित्वातच नव्हते, ते त्यांना हयातीत पदवी देऊ शकले नाही यात कोणाचाही दोष नाही. यादीतील इतर नावांचीही हीच गत आहे. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले, लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर १९५३ मध्ये, दामोदर कोसंबी १९६६ मध्ये, इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर १९६९ मध्ये आणि सूरश्री केसरबाई केरकर १९७७ मध्ये. पोर्तुगीज राजवटीत येथे १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पण विद्यापीठ नव्हते. मुक्तीनंतरही मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील पदव्युत्तर केंद्रावर आपली भिस्त राहिली. एवढी मोठी माणसे विद्यापीठाच्या जन्माआधी होऊन गेली, तेव्हा आता मागे वळून त्यांचा मान करावा, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. मलाही ते वाटते. मात्र त्यासाठी मानद पदवी हे साधन योग्य आहे, असे मला वाटत नाही.

मानद पदवी म्हणजे पुतळा नव्हे, टपाल तिकीट नव्हे आणि रस्त्याचे नावही नव्हे. ती दोघांमधली गोष्ट आहे. दीक्षान्त समारंभात त्या व्यक्तीला समोर उभे करून, तिच्याकडे पाहून तिच्या कार्याचा गौरव वाचला जातो, आणि 'आम्ही तुम्हाला आमच्यात घेत आहोत' असे विद्यापीठ आपल्या अधिकाराने सांगते. समोरची व्यक्ती तो मान स्वीकारते आणि उत्तरादाखल काही बोलते. ते बोलणे पुष्कळदा विद्यापीठाला ऐकायला अवघड जाणारेही असते. राज्याने किताब देऊ नयेत असे सांगणाऱ्या आपल्या संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी आणि विद्याविषयक सन्मानांना मात्र वगळले आहे, यावरूनही या सन्मानाचा दर्जा वेगळा आहे हे कळते. हा दर्जा टिकायचा असेल तर तो देणाऱ्याइतकाच घेणाराही स्वतंत्र असला पाहिजे. ज्याला 'नको' म्हणता येते, त्याच्याच 'हो'ला किंमत असते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. आमच्या गावात भजन शिकवणारे एक बुवा होते. गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखाली टाळ धरायला शिकल्या. सप्ताहात त्यांचा पार असला की आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसे रात्री दोन वाजताही देवळात बसून असत. एका संस्थेने त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा त्यांनी निमंत्रणपत्रिका हातात घेऊन पहिल्यांदा एकच गोष्ट पाहिली, की चाळीस वर्षे त्यांना पखवाजाची साथ करणाऱ्याचे नाव तिच्यावर आहे की नाही. नव्हते. बुवांनी पत्रिका शांतपणे परत केली आणि सत्काराला गेले नाहीत. ते वारल्यानंतर वर्षभराने त्याच संस्थेने त्यांना मरणोत्तर पुरस्कार जाहीर केला, आणि या वेळीही पखवाजवाल्यांना बोलावणे नव्हते. बुवांच्या पत्नीला व्यासपीठावर नेऊन शाल, श्रीफळ आणि मानपत्र देण्यात आले. मीच त्यांना गाडीने घरी पोहोचवले. वाटेत त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग बाणस्तारीच्या पुलाजवळ म्हणाल्या, "ते हें घेवपाचे नाशिल्ले." म्हणजे, त्यांनी हे घेतले नसते. त्यांना सत्काराचा राग नव्हता. आपल्या हातून नवऱ्याचा शब्द मोडला गेला, याचे त्यांना दुःख होते. तेव्हापासून 'मरणोत्तर' हा शब्द ऐकला की मला पहिल्यांदा त्या गाडीतली ती शांतता आठवते.

मोठ्या पातळीवरही हे घडलेले आहे. १९५४ साली भारतरत्न सुरू झाले तेव्हा ते मरणोत्तर देण्याची तरतूद नव्हती. पुढच्याच वर्षी ती करण्यात आली, आणि १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री यांना पहिले मरणोत्तर भारतरत्न मिळाले. १९९२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा 'मरणोत्तर' या शब्दावरूनच वाद उभा राहिला, कुटुंबीयांनी तो सन्मान स्वीकारला नाही, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रद्द ठरवली. नेताजींविषयी आदर नसलेला माणूस या देशात शोधून सापडणार नाही. तरीही ज्यांना विचारता येत नाही त्यांना सन्मान देऊ केल्यावर काय गुंतागुंत होते, ते साऱ्या देशाने पाहिले. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये मानद पदवी दिली, ती घ्यायला ते स्वतः न्यूयॉर्कला गेले. आपल्या देशाने त्यांना भारतरत्न दिले ते १९९० मध्ये, निधनानंतर चौतीस वर्षांनी. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला अभिमानापेक्षा संकोच अधिक वाटतो.

आणि कोसंबींचे काय करायचे? कोसबेन गावात जन्मलेल्या या माणसाने हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवी घेतली, पीएच. डी. कधी केलीच नाही, आणि तरीही गणितापासून नाणेशास्त्रापर्यंत आणि भर्तृहरीच्या सुभाषितांच्या संपादनापासून प्राचीन भारताच्या इतिहासापर्यंत जेथे हात घातला, तेथे त्या विषयाची मांडणीच बदलून टाकली. पदवीवाचूनची विद्वत्ता किती उंच जाऊ शकते याचे ते आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. त्यांच्या नावामागे आज 'डॉ.' लावून आपण त्यांना काय देणार? उलट ते उदाहरणच थोडे पुसट करू. स्पष्टवक्तेपणासाठी आणि मतभेदांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोसंबींनी आपली पदवी घेतली असती की नाही, हे छातीठोकपणे कोण सांगेल? अशा पदवीने मोठे होते ते विद्यापीठ; त्या नावाच्या पुण्याईवर ते एक दिवस वर्तमानपत्रात झळकते. ज्यांना हे हवे होते की नको ते कधीच कळणार नाही, त्यांच्याकडून ही उसनवारी करू नये.

माझ्या या म्हणण्याला एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला अतिशय गंभीर वाटतो. ज्यांना जातीमुळे, स्त्री म्हणून किंवा परक्या सत्तेमुळे हयातीत शिक्षणाच्या दारातही उभे राहू दिले गेले नाही, त्यांच्यासाठी मरणोत्तर पदवी ही भरपाई नव्हे काय? आपल्या कलावंत घराण्यांतील किती स्त्रिया अजोड गायल्या आणि कोणत्याही कागदावर नाव न उमटता गेल्या, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. यावर माझे उत्तर असे, की अन्याय ज्या संस्थेने केला, तिनेच तो दुरुस्त करायचा असेल तर मरणोत्तर पदवी जरूर द्यावी. एडिंबरा विद्यापीठात १८६९ मध्ये सात स्त्रियांनी वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. विरोध इतका झाला की त्यांना पदवी मिळू दिली गेली नाही. त्याच विद्यापीठाने २०१९ मध्ये त्या सातही जणींना मरणोत्तर मानद वैद्यकीय पदवी दिली, आणि आज तेथे शिकणाऱ्या मुलींनी त्यांच्या वतीने ती स्वीकारली. कलकत्ता विद्यापीठानेही ब्रिटिशांनी अडवून ठेवलेल्या बीना दास आणि प्रीतीलता वाद्देदार यांच्या पदव्या २०१२ मध्ये मरणोत्तर बहाल केल्या. येथे विद्यापीठ कोणाला मोठे करत नाही. आपल्याकडे थकलेले देणे ते फेडते, आणि आपली चूक स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवते. अभ्यासक्रम जवळजवळ पूर्ण करून अपघाताने किंवा आजाराने गेलेल्या विद्यार्थ्याची पदवी त्याच्या आईवडिलांच्या हाती देणे हेही याच प्रकारचे आहे, आणि त्याबद्दल कोणत्याही विद्यापीठाने क्षणभरही खळखळ करू नये. तसेच निर्णय जाहीर झाल्यानंतर आणि समारंभापूर्वी एखादी व्यक्ती गेली, तर तिचा मान मागे घेऊ नये. नोबेल पारितोषिकाच्या १९७४ पासूनच्या नियमांतही एवढी मोकळीक ठेवलेली आहे.

गोवा विद्यापीठाने मात्र आपल्या यादीतील कोणावरही अन्याय केलेला नाही. ते त्या वेळी नव्हतेच. त्यामुळे येथे देणे फेडण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न आहे तो स्मरणाचा, आणि स्मरणासाठी विद्यापीठाकडे पदवीपेक्षा कितीतरी चांगली साधने आहेत. ती त्याने वापरलेलीही आहेत. दामोदर कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्या नावांनी तेथे अभ्यागत अध्यासने आहेत. त्या निमित्ताने बाहेरचे विद्वान आणि कलावंत येऊन आपल्या मुलांना शिकवतात, म्हणजे त्या नावाखाली विद्या प्रत्यक्ष पुढे जाते. पिसुर्लेकरांनी आयुष्यभर ज्या दप्तरांत डोके घातले, त्या पोर्तुगीज कागदपत्रांवर काम करू शकणारे पाच-सात तरुण तयार झाले, तर तो त्यांचा खरा मान होईल. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली. त्यांच्या गायकीचा बारकाईने अभ्यास करू पाहणाऱ्या मुलीला शिष्यवृत्ती द्यावी, आणखी काय हवे?

माझ्या मते पदवी जिवंत माणसांसाठी राखून ठेवावी आणि ती देण्याची घाई करावी. ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक गोष्ट मी दर वेळी सांगतो. रवींद्रनाथ टागोर थकले होते, इंग्लंडला जाणे त्यांना शक्य नव्हते आणि युद्ध पेटलेले होते. तेव्हा ऑक्सफर्डने आपला समारंभच शांतिनिकेतनात नेला. ७ ऑगस्ट १९४० रोजी फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि सर्वपल्ली राधाकृष्णन विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून तेथे आले. कवींचा गौरव लॅटिनमध्ये वाचला गेला आणि कवींनी उत्तर संस्कृतात दिले. बरोबर एक वर्षाने, ७ ऑगस्ट १९४१ रोजी, रवींद्रनाथ गेले. ऑक्सफर्डने 'पुढच्या वर्षी पाहू' म्हटले असते तर ते संस्कृत उत्तर जगाला मिळाले नसते, आणि मरणोत्तर पदवीने ते कधीच भरून आले नसते.

विद्यापीठ ज्यावर आहे त्या ताळगावच्या पठारावरून सत्तरी किंवा काणकोण गाठायला दीड-दोन तास लागतात. रणमाले या लोकनाट्याची गाणी मुखोद्गत असलेली, ढालो या स्त्रियांच्या लोकनृत्यातल्या ओव्यांची अख्खी रात्र एकटीने उलगडू शकणारी, घुमटाचे बोल पिढीजात ऐकत आलेली वृद्ध माणसे आज तेथे आहेत. त्यांतल्या अनेकांना प्रवास झेपत नाही. विद्यापीठाने त्यांच्या देवळाच्या मांडावर जाऊन छोटासा दीक्षान्त समारंभ करावा, गौरवपत्र त्यांना कळेल अशा भाषेत वाचावे आणि मग त्यांना बोलू द्यावे. त्यांनी नकार दिला तर तोही मानाने ऐकावा. फोंड्याच्या बैठकीतील स्नेह्यांना माझी विनंती आहे, की आपण ते पत्र पाठवूच, पण यादी बदलून पाठवू. हयात असलेल्यांची नावे लिहू आणि प्रत्येक नावापुढे वय लिहू. त्या पत्रावर पहिली सही माझी असेल.

त्या यादीसाठी पहिले नाव मी स्वतः सुचवणार आहे. बुवांना साथ करणारे पखवाजवाले आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत, पण बोल एकही विसरलेले नाहीत. गेल्या रविवारी जाऊन मी त्यांना आधी विचारले, की तुमच्यासाठी असे पत्र लिहिले तर चालेल का. त्यांनी विचार करायला आठ दिवस मागितले आहेत. त्यांच्या जुन्या साथीच्या ध्वनिफिती कोणाच्या घरी पेटीत, माळ्यावर पडून असतील, तर कृपया मला कळवावे. मी स्वतः येऊन त्या उतरवून घेईन आणि मूळ फीत जशीच्या तशी परत करीन.