नकाशात आमचं गाव कुठाय ते आधी दाखवा

परवा फॅमिली ग्रुपवर जाम जुंपली. विषय काय, तर एका मराठी चॅनेलने हवामानाचे ग्राफिक्स बदललेत. आता अँकरच्या गुडघ्यापर्यंत खोटं पाणी चढतं, मागे विजा कडाडतात, वरून महाराष्ट्र गिरक्या घेत खाली येतो. इंदापूरच्या मावशीचं म्हणणं एवढंच की "सगळं छान आहे गं, पण पावसाचं काय ते सांगेपर्यंत नकाशा गेलेला असतो." भाच्याने लगेच सुनावलं, मावशी, जरा अपडेट व्हा, जुन्या लोकांना काही नवीन नकोच असतं. त्यावर मावशीने नुसता हात जोडलेला इमोजी टाकला, आमच्याकडे त्याचा अर्थ फार वाईट होतो.

मी मावशीच्या पार्टीत. कारण अगदी हेच भांडण मी एकदा जवळून बघितलंय, २००५ साली, स्कॉटलंडात.

नवरा तेलाच्या कंपनीत, त्यामुळे आम्ही तेव्हा ॲबर्डीनला होतो. तिथे हवामान हा टाइमपासचा विषय नाही. सकाळी कपडे बाहेर दोरीवर टाकायचे की घरात हीटरवर, इथून दिवस सुरू. त्यात तिकडे समुद्रावरून एक धुकं येतं, त्याला ते लोक 'हार' म्हणतात. आमच्या गल्लीत समोरचं घर दिसत नसायचं आणि गाडीने थोडं आत गेलं की लख्ख ऊन! खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, बातम्यांनंतरचं वेदर त्या आपण आरती करतो तशा उभ्या राहून बघायच्या, हातात चहाचा मग.

बीबीसीवर तोपर्यंत ती साधी चिन्हं होती. पांढरा ढग, काळा ढग, खाली दोन थेंब, पिवळा सूर्य. मार्क ॲलन नावाच्या डिझाइन शिकणाऱ्या पोराने केलेली, १९७५ पासून चालू. आधी ती लोहचुंबकाची असायची, निवेदक हाताने नकाशावर चिकटवायचे, १९८५ मध्ये कॉम्प्युटर आला तरी ढग तोच राहिला. तीस वर्षं! म्हणजे ज्यांनी लहानपणी तो ढग बघून रेनकोट घातला त्यांची पोरंसुद्धा तोच ढग बघत होती.

आणि मे २००५ मध्ये एके दिवशी सगळं गायब. नवीन सिस्टीम, न्यूझीलंडच्या हवामान खात्याच्या कंपनीने बनवलेली, थ्रीडी. कॅमेरा विमानासारखा देशावरून उडत जाणार, पाऊस निळा सरकताना दिसणार, ढग असेल तिथली जमीन काळपट आणि ऊन असेल तिथली उजळ. आणि जमिनीचा रंग तपकिरी. झालं. लोक खवळले. आमचा हिरवागार देश, त्याचं वाळवंट केलंत म्हणून तक्रारींचा नुसता पाऊस पडला. खालच्या आजी म्हणाल्या, हे बघून मला बोटीत बसून मळमळल्यासारखं होतं.

आता रंगाच्या बाबतीत मी लोकांच्या बाजूने नाही हं. तपकिरीवर निळा पाऊस उठून दिसतो हे उघड आहे, हिरव्यावर तेवढा दिसला नसता. आणि जुन्या ढगाची मजा कितीही असली तरी एक ढग अख्ख्या प्रांतावर बसायचा, त्यात आमच्या 'हार'ने काय करायचं? सरकणारा पाऊस ही खरंच सुधारणा होती, तेव्हा कोणी मानलं नाही ते सोडा.

पण दुसरी तक्रार शंभर टक्के बरोबर होती. नकाशा तिरका केलेला, म्हणजे दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे बघितल्यासारखा. लंडन पुढे मोठ्ठं आणि स्कॉटलंड लांब, आक्रसलेलं. ग्रेट ब्रिटनची जवळजवळ एक तृतीयांश जमीन स्कॉटलंडची, आणि पडद्यावर आमसुलाएवढी. आजी चष्मा लावून टीव्हीजवळ गेल्या, काचेवर बोट ठेवलं, आणि त्या बोटाखाली ॲबर्डीनसकट आजूबाजूची चारपाच गावं झाकली गेली. माझ्याकडे वळून बघितलं फक्त. स्कॉटिश पुढारीही बोलायला लागले, आणि शेवटी बीबीसीने नकाशाचा तिरकेपणा कमी केला. म्हणजे ऐकलं बरं का, हे आपल्याकडे कुठलं! २०१८ मध्ये पुन्हा नवीन ग्राफिक्स आले तेव्हा परत तोच विषय, परत स्कॉटलंड किती मोठं दाखवायचं. आणि त्याच वर्षी तिकडे कायदाच झाला की सरकारी नकाशात स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेची शेटलँड बेटं सोयीसाठी उचलून चौकटीत टाकायची नाहीत, जिथे आहेत तिथेच दाखवायची, नसेल जमत तर कारण द्या. लोक हसले या कायद्याला. मी नाही हसले.

कारण त्याच २००५ च्या जुलैत, ग्राफिक्स बदलून जेमतेम दोन महिने झालेले, २६ तारखेला आमचं माहेर पाण्यात होतं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला साधारण ७४. एकच शहर! बाबा फोर्टातल्या ऑफिसातून छत्री घेऊन आरामात निघाले, त्यांना वाटलं नेहमीचाच पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कमरेपर्यंत भिजलेले कलिन्यात घरी पोचले. फोन लागत नव्हते. मी ॲबर्डीनला टीव्हीसमोर बसून जगाच्या नकाशात मुंबई शोधत होते, एक टिंब. त्या टिंबात कुलाबा पण आणि कलिना पण.

म्हणून भाच्याला सांगते, हे म्हातारपणाचं नाहीये रे बाबा. माणूस नकाशात आधी आपलं घर शोधतो, ते सापडलं की मग पाऊस बघतो. आता 'पुणे जिल्हा ऑरेंज अलर्ट' म्हणून चॅनेलवर सगळा जिल्हा केशरी करून टाकतात. हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, पण चॅनेलवर येईपर्यंत ताम्हिणी आणि इंदापूर एकाच रंगात. ताम्हिणीत धो धो, मावशीकडे धूळ. मग मावशीने त्या गुडघाभर पाण्यातल्या अँकरवर का विश्वास ठेवायचा?

मावशीचा आत्ताच मेसेज आला. तिने टीव्ही बंद करून गच्चीत जाऊन बघितलं म्हणे, आणि वाळवणाच्या कुरडया बाहेरच ठेवल्यात.