‘सिमेंटचा’ पत्रा

परवा दुपारी मागच्या चाळीत ग्राइंडर सुरू झाला. मला वाटलं फरशी कापतायत. गॅलरीत जाऊन बघते तर मिस्त्री छपराचा पन्हळी पत्रा कापत होता. पावसाळ्याआधीची डागडुजी, दरवर्षीचीच. पांढरा धुरळा नुसता उधळला होता. खाली दोन पोरं सायकल फिरवत होती, शेजारी दोरीवर कपडे वाळत होते. मी वरूनच ओरडले, "अहो, निदान पाणी तरी मारा त्यावर!"

तो हसला. "काकू, सिमेंट आहे. आंघोळ केली की जातं. आणि ग्राइंडरवर पाणी मारलं तर शॉक बसेल मला."

शॉकचं त्याचं बरोबर होतं. सिमेंटचं नव्हतं, पण ती चूकही त्याची नाही. आपण सगळेच त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. त्यात बहुतांश सिमेंट असतंही. पण नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ पत्रा उचलतानाच मोडेल. त्याला धरून ठेवतो तो आत मिसळलेला दगडाचा धागा, अ‍ॅसबेस्टॉस. हो, दगडाचाच. खाणीतून निघतो, पण कापसासारखा पिंजता येतो, त्याचं सूत काढता येतं, जळत नाही, कुजत नाही. वस्तू गुणी आहे, खोटं कशाला बोलू. फक्त हा धागा उभा चिरत जातो, बारीक, आणखी बारीक, पार दिसेनासा होईपर्यंत. फुप्फुसात शिरला की शरीराला तो पचवता येत नाही. मग कुणाचं फुप्फुस वण पडून कडक होतं, कुणाला कॅन्सर होतो, कुणाला फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा. आणि हे कळायला २०, ३०, कधी ४० वर्षं जातात. तोवर मिस्त्री कुठे आणि पत्रा कुठे!

मी यात खोल शिरले ती ऑस्ट्रेलियात पर्थला राहणाऱ्या भाचीमुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा म्हणून भाग आहे, तिथलं विटनूम हे गाव तिने सांगितलं. आता ते गाव नाहीच. तिथे निळ्या अ‍ॅसबेस्टॉसची खाण होती. १९४३ मध्ये ती घेतली एका साखर कंपनीने. (साखरवाल्यांनी कशात हात घालावा याला काही धरबंध नसतो, हे आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको.) धागा काढून उरलेला खाणीचा भुसा गावातल्या रस्त्यांवर पसरला, शाळेच्या आवारात टाकला. पोरं त्यातच खेळली. १९६२ चा एक फोटो आहे: शर्यतींच्या दिवशी माणसं फावड्यांनी तो भुसा पिंपांत भरण्याची चढाओढ लावतायत. आणि एरिक सेंट या डॉक्टरने तर १९४८ मध्येच आरोग्य खात्याला लिहून कळवलं होतं की इथे या धुळीच्या आजाराचं जगातलं सगळ्यात जीवघेणं पीक येणार आहे. खाण बंद झाली १९६६ मध्ये. तीही डॉक्टरच्या त्या इशाऱ्यामुळे नाही, परवडेना म्हणून. तिथे राहिलेल्या आणि राबलेल्या साधारण २०,००० लोकांपैकी २,००० हून अधिक या धुळीच्या आजारांनी गेले असं सांगतात. त्यात नवऱ्यांचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकाही होत्या. त्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघून मला नेमकं हेच आठवलं.

आपलं सरकार काय करतं? १९८६ पासून अ‍ॅसबेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं बंद, १९९३ मध्ये जुन्यांचं नूतनीकरणही बंद. म्हणजे धोका माहीत आहे. पण परदेशातून आणायला मुभा! रशियातून येतो, आधी कॅनडातूनही यायचा. कॅनडाने २०१८ मध्ये स्वतःकडे बंदी घातली. तिथल्या अ‍ॅसबेस्टॉस नावाच्याच गावाने तर २०२० मध्ये नाव बदललं, त्या नावाची लाज वाटायला लागली म्हणून. आपल्याला कसली लाज? आपण आधीपासूनच त्याला सिमेंट म्हणतोय.

कारखानदारांचं म्हणणं असं की हा पांढरा अ‍ॅसबेस्टॉस आहे, निळ्याएवढा वाईट नाही, आणि ‘नियंत्रित वापर’ केला तर काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था तर पांढऱ्यासकट सगळे प्रकार कॅन्सरकारक मानते. पण तो वाद बाजूला ठेवू. मला एवढंच सांगा, नियंत्रण कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. कारखान्यात ठेवत असतील. माझ्या चाळीतल्या मिस्त्रीची नोंद कोणत्या वहीत आहे?

हे वाचून कुणी घाबरून उद्या छप्पर उतरवू नका. धड पत्रा डोक्यावर गपगुमान असतो. तो कापताना, भोक पाडताना, फोडताना धागा सुटतो. आणि चाळीतल्या लोकांना ‘दुसरं छप्पर घाला’ म्हणायची माझी हिंमत नाही. लोखंडी पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं ते मला माहीत आहे.

मी खाली उतरले. मिस्त्री म्हणाला, हातकरवतीने होईल की, पाणीही मारता येईल, पण अर्धा दिवस जास्त लागेल आणि काम अंगावर घेतलंय. वरचे पैसे मी देते म्हटलं. उरलेले दोन पत्रे त्याने भिजवून, तोंडाला फडकं बांधून कापले. फडक्याने काय होणार म्हणा, पण त्या दिवशी तेवढंच होतं. तुकडे ओल्या गोणीत भरून ठेवा, असं तीनतीनदा सांगून आले.

सकाळी बघितलं तर गोण रिकामी. एक तुकडा पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बसला होता. काठ जरा फोडून गोल केलेले.