पाहुण्याला ओसरीवरच बसवा

डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांवरच्या रेटिनॉलच्या क्रीमची डबी असते पंधरा मिलीची. किमतीबद्दल मी बोलत नाही, डोळ्यांत पाणी आलं तर क्रीम वाहून जाईल. ते नेमकं कुठे लावायचं, हे डबीच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं. चाळिशी लावल्याशिवाय ते वाचता येत नाही आणि चाळिशी लावली की बोट डोळ्यापर्यंत पोचत नाही.

सगळा घोळ कातडीच्या जाडीचा आहे. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाली चरबीची गादीही जवळपास नाही. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. कातडीत शिरल्यावर त्याचं रेटिनॉइक आम्ल होतं, आणि ते पेशींना भराभर कामाला लावतं. सुरुवातीला साल निघते. गालाला हे सोसतं. पापणीची मात्र सकाळी कांद्याच्या वरच्या पापुद्र्यासारखी गत होते: सुकलेली, चुरगळलेली, आणि कालपेक्षा पाच वर्षांनी म्हातारी.

म्हणून माझा नियम एकच: क्रीमला पाहुण्यासारखं ओसरीवर बसवायचं. माजघरात ते आपल्या पायाने येतंच. डोळ्याभोवती बोटाने चाचपलं की खोबणीच्या हाडाची कड लागते. लावायचं ते त्या हाडावर, आत नाही. रात्री अंगाच्या उबेने क्रीम पातळ होतं, सरकतं, कुशीवर वळलात तर उशीही ते डोळ्याकडे ढकलते. पापणीच्या काठाला तेलग्रंथींची रांग असते, वर तीसेक, खाली वीस-पंचवीस. त्यांच्या तेलामुळे डोळ्यातलं पाणी उडून जात नाही. रेटिनॉइक आम्लाचं या ग्रंथींशी पटत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे डोळे कोरडे पडतात, ते म्हणूनच. तेव्हा वरच्या हलत्या पापणीवर रेटिनॉल नकोच. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत, त्यांनी तर ओसरीचंही दार लावून घ्यावं.

आता प्रमाण. दोन्ही डोळ्यांना मिळून अख्ख्या मुगाच्या दाण्याएवढं, बस्स. रेटिनॉल 0.1 टक्का किंवा त्याहून कमी. युरोपीय संघाने 2024 मध्ये चेहऱ्याच्या क्रीमसाठी 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली, आणि आपण एक टक्क्याची बाटली शोधत फिरतो. जास्त टक्के म्हणजे जास्त हुशार, हा दहावीच्या निकालाचा हिशेब इथे लागू नाही.

तोंड धुऊन टिपायचं आणि वीस मिनिटं गप्प बसायचं, कारण ओल्या कातडीवर ते जास्त झोंबतं. डोळ्यांच्या कोपऱ्यांत पेट्रोलियम जेलीचा बारीकसा बांध घालायचा. मग हाडावर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, त्यावर रेटिनॉल, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. बोट अनामिका, गंध लावायचं तेच. तिच्यात जोर कमी, आणि काम थोपटायचं आहे, कणीक मळायची नाही. आठवड्यातून दोन रात्री पुरे. महिनाभर कातडीने कुरकुर केली नाही तर एक रात्र आड. लेन्स आधी काढायच्या. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉलची डबी कपाटात.

चुनचुन झाली की ‘औषध लागू पडतंय’ असं म्हणणारे लोक मला फार भेटतात. चुनचुन म्हणजे कातडीचं गाऱ्हाणं. पापणी लाल झाली, सुजली, खाजली तर सगळं थांबवायचं. घरातली ‘खाजेची ट्यूब’ मात्र डोळ्यापाशी आणायची नाही. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण ते चालूच ठेवलं तर पातळ कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना नखांकडेही बघून घ्या. पापणीवरच्या पुरळाचा गुन्हेगार कित्येकदा नेलपॉलिश निघतो. डोळे चोळायला हात तोच ना!

बाकुचिओल हा रेटिनॉलला सौम्य पर्याय आहे. नाव परदेशी वाटलं तरी आपल्या बावचीतलाच तो. म्हणून थेट बावचीचं तेल पापणीला चोपडू नका. त्यातल्या सोरॅलेनमुळे उन्हात कातडी भाजते.

सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, कडक उन्हात गॉगल. हे दोन्ही टाळणाऱ्याने रात्रीचा मूग वाया घालवू नये. डोळ्याखालच्या पिशव्या चरबीच्या असतील तर कुठलंच क्रीम त्या आवरत नाही. बारीक रेघांवर फरक दिसायला तीन महिने लागतात, तेव्हा फोटो त्याच खिडकीत, त्याच वेळेला काढा. सोसायटीच्या लिफ्टमधल्या आरशात तुलना करू नका. तिथला दिवा बरोबर टाळूवर असतो, आणि त्याखाली तिसरीतला पोरगाही रात्रपाळी करून आल्यासारखा दिसतो.