अहवाल कपाटातच राहतो, त्याचं कारण

संशोधन सरकारी धोरणात का उतरत नाही, यावरच्या एका लेखात उपाय सुचवलाय: संशोधकांनी धोरणकर्त्यांसाठी सोप्या भाषेत दोन पानी सारांश लिहावा. तो अपुरा वाटतो. सारांश ढिगाने पडलेत. घोडं पेंड खातं ते अंमलबजावणीत.

मुंबईचंच उदाहरण घ्या. ‘प्रथम’ या शिक्षणातल्या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची पालिका शाळांत चाचणी झाली. मागे पडलेली १५-२० मुलं, वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, रोज दोन तास फक्त वाचन-गणित. गुण वाढल्याचं २००७ साली छापूनही आलं. पण बिहारमध्ये सरकारी शाळांना याच पद्धतीचं नुसतं साहित्य दिलं, तेव्हा फरक शून्य! पुस्तकं पोचली, तास मात्र पाठ्यक्रम संपवण्यातच गेला. हरियाणात जमलं, कारण वेळापत्रकात वेगळा तास ठेवला, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट पाडले आणि देखरेख करणाऱ्यांनी (आपल्याकडचे केंद्रप्रमुख म्हणा) आधी पंधरा-वीस दिवस स्वतः वर्गात शिकवलं. पुढे हीच पद्धत झांबियाने उचलली. म्हणजे तपासायचं ते ‘उपाय चालतो का’ एवढंच नव्हे, तर ‘सरकारी यंत्रणेच्या हातून चालतो का’ हेही.

दुसरं, वेळ. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात, खात्यांची जुळवाजुळव त्याआधी कित्येक महिने चालते. मार्चमध्ये दिलेल्या अहवालाला कोण विचारतो? अंतरिम आकडे दिवाळीआधी द्या, तेही प्रति विद्यार्थी खर्चासकट. तो रकाना कोरा असला की वित्त विभाग फाइल परत पाठवणारच.