ब्रेकरला काही होत नसतं

तुमच्या कारखान्यात पॅनेल रूम असेल, तिथे ट्रान्सफॉर्मरनंतरचा मोठा एसीबी, म्हणजे एअर सर्किट ब्रेकर, असेल, आणि त्याच्या पोटातली वीज जोडणारी-तोडणारी टोकं, म्हणजे कॉन्टॅक्ट, किती झिजलेत ते एकदा बघावं अशी दुर्बुद्धी तुम्हाला झाली असेल, तर आधी गार पाणी प्या आणि दहा मिनिटं बसा. बहुतेकांची लहर तेवढ्यात ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांच्यासाठी हा लेख. एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये २६ वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, ब्रेकरच्या तब्येतीची चौकशी न करताही मानाने रिटायर होता येतं. मी झालोच की.

सुरुवात दिव्यापासून करा. दारावरचा लाल दिवा लागलाय ना? मग ब्रेकर ऑन आहे, लोड चालू आहे, मशीन चालू आहे, साहेब खूश आहेत. बाकीच्या जगात लाल दिवा लागला की माणसं धावतात. आपल्याकडे लाल दिवा लागला की चहा मागवतात. या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्यावा.

आता आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तिकडे का बघू नये हे पटेल. एसीबीत कॉन्टॅक्टच्या दोन जोड्या असतात. मुख्य कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे. दिवसभर करंट वाहायचा आणि मिरवायचं, एवढंच त्यांचं काम. दुसरे आर्किंग कॉन्टॅक्ट. हे म्हणजे लग्नघरातली थोरली वहिनी. ब्रेकर ऑन होताना सगळ्यांच्या आधी हजर, ऑफ होताना सगळ्यांच्या शेवटी बाहेर, आणि चटके खायला एकटी. करंट सुखासुखी तुटत नाही. शेवटी सुटणाऱ्या टोकांमध्ये आर्क, म्हणजे विजेची ज्वाळा, पेटतो, त्याचं तापमान काही हजार अंश. चांदी ९६२ अंशाला वितळते, तांबं १०८५ ला. म्हणून आर्किंग कॉन्टॅक्टमध्ये बऱ्याचदा टंगस्टन मिसळलेलं असतं. ते ३४२२ अंशांपर्यंत दम धरतं. तरीही प्रत्येक वेळी थोडा धातू वाफ होऊन जातो, थोडा मण्यांसारखा आजूबाजूला उडतो. वहिनी पुरती झिजली की मुख्य कॉन्टॅक्टना स्वतः चुलीपुढे बसावं लागतं, आणि त्यांना त्याची सवय नसते.

हे सगळं बघायला फार कष्ट पडत नाहीत, हीच यातली अडचण आहे. लोड काढायचा, ब्रेकरची ट्रॉली बाहेर ओढायची, आर्क चूटचे, म्हणजे आर्क विझवणाऱ्या डब्याचे, दोन-चार स्क्रू सोडायचे, टॉर्च मारायचा. अर्ध्या तासाचं काम. पण हा अर्धा तास प्रॉडक्शनवाल्यांकडे मागून बघा.

"दिवाळीत घ्या ना."

"दिवाळीत माणसं गावाला जातात."

"मग मार्चनंतर बघू."

मार्चनंतर मे, मेनंतर पावसाळा. पावसाळ्यात पॅनेल कोण उघडतं? अशा रीतीने वर्ष आपोआप पार पडतं, आणि यात तुमचा काडीचाही दोष नसतो. फक्त मागणी मेलवर केलेली असावी. मेल जपून ठेवावा. कॉन्टॅक्ट नाही जपला तरी चालतो.

अगदीच मोजमाप करायची हौस असेल, तर मल्टिमीटर लावा. बीप वाजली की पास. चांगल्या कॉन्टॅक्टचा रोध असतो ४०-५० मायक्रोओहम, आणि तुमच्या मल्टिमीटरचा सगळ्यात लहान आकडा ०.१ ओहम, म्हणजे १ लाख मायक्रोओहम. सोन्याची नथ ट्रकच्या वजनकाट्यावर ठेवण्यासारखंच हे. नथ आहे की नाही तेसुद्धा काट्याला कळत नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच मिटतो. शहाणे लोक यासाठी मायक्रोओहम मीटर आणतात, बंद कॉन्टॅक्टमधून १०० अँपिअर डीसी सोडतात, आणि करंटच्या वायरींच्या आतल्या बाजूला वेगळ्या दोन वायरी लावून मिलिव्होल्ट मोजतात, म्हणजे वायरीचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. ५० मायक्रोओहमला जेमतेम ५ मिलिव्होल्ट. एवढ्याशा आकड्यासाठी एवढं जड यंत्र जिना चढवून वर न्यायचं!

("बंद कॉन्टॅक्ट" हा शब्दही जपून वापरा. इंग्रजीत ब्रेकर क्लोज झाला की वीज येते, मराठीत ब्रेकर बंद झाला की वीज जाते. भाषाशुद्धीवाल्यांनी पॅनेल रूममध्ये येऊ नये, एवढीच विनंती.)

त्यापेक्षा वार्षिक देखभालीचं कंत्राट द्यावं. कंत्राटदाराचा माणूस येतो, ब्लोअरने धूळ उडवतो, आणि आठवड्याने स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट येतो. आमच्या मेन एसीबीचे मायक्रोओहमचे आकडे लागोपाठ सहा वर्षं आर फेज ४२, वाय फेज ४३, बी फेज ४२ असे होते. माणसाचं वजन सहा वर्षांत बदलतं, रक्तदाब बदलतो, सरकार बदलतं. आमचा ब्रेकर मात्र स्थितप्रज्ञ. एका वर्षी कंत्राटदार बदलला. मला वाटलं, आता घोळ होणार. पण नव्यानेही ४२, ४३, ४२ च दिले. जुना रिपोर्ट नमुना म्हणून मीच दिला होता, ही गोष्ट वेगळी.

कोणी ऑडिटर म्हणेल, एका आकड्याला अर्थ नसतो, दरवर्षी तो कुठे सरकतोय ते बघा, तिन्ही फेज एकमेकींशी ताडून बघा. त्याला चहा द्या, बिस्कीट द्या, आणि हा हिशेब मात्र करू देऊ नका: हजार अँपिअर वाहत असतील तर एक मायक्रोओहम म्हणजे बरोबर एक वॅट. ४२ मायक्रोओहमला ४२ वॅट, जुन्या बल्बाएवढी ऊब. तोच कॉन्टॅक्ट ४०० वर गेला की ४०० वॅट, म्हणजे पॅनेलच्या बंद पेटीत निम्मी इस्त्री सतत चालू. उष्णतेने कॉन्टॅक्टमागची स्प्रिंग मऊ पडते, स्प्रिंग मऊ पडली की दाब कमी, दाब कमी की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी उष्णता. सावकाराच्या व्याजासारखं हे चक्र एकदा सुरू झालं की कोणी सांगायची गरज राहत नाही.

थर्मल कॅमेऱ्याचा आग्रह झाला, तर हो म्हणावं आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस द्यावा. लोड १००० वरून १०० अँपिअरवर आलेला असतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने चालते. ४०० वॅटचे ४ उरतात. कॅमेऱ्यात सगळं पॅनेल शांत निळं, जणू कोकणचा समुद्र. रंगीत फोटो रिपोर्टला लावले की रिपोर्ट भारदस्त दिसतो.

काउंटर नावाची, उघडझाप मोजणारी एक गोजिरी वस्तू ब्रेकरच्या तोंडावरच असते. ती जरूर वाचावी, कारण ती फार समंजस आहे. रविवारी लोड काढून सावकाश ऑफ केला, तर ती एक म्हणते. बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांवर, उंदीर आडवा पडून २० हजार अँपिअरचा फॉल्ट (शॉर्ट सर्किट) ब्रेकरने तोडला, तरी एकच म्हणते. बरेच रिले, म्हणजे ब्रेकरला ट्रिप व्हायला सांगणारी यंत्रं, मात्र तोडलेल्या करंटचा वर्ग धरून बेरीज ठेवतात. त्या हिशेबाने तो एक उंदीर हजार अँपिअरच्या ४०० उघडझापींच्या तोडीचा. ब्रेकरमधल्या नव्या रिलीजमध्ये (ट्रिप युनिटमध्ये) तर कॉन्टॅक्ट किती टक्के झिजला ते पडद्यावर दिसतं. घाबरू नका. तो आकडा मेनूत इतका खोल असतो की तिथवर बोट पोचेपर्यंत पडद्याचा उजेड विझतो. अलार्मची वायर कुठेही जोडलेली नसली की झालं.

ब्रेकरच्या नेमप्लेटवर एक शब्द असतो, आयसीयू. हा दवाखान्यातला नाही; ब्रेकर जास्तीत जास्त किती फॉल्ट करंट तोडू शकतो त्याचा आकडा. आयईसी ६०९४७-२ या मानकात त्याची परीक्षा अशी: फॉल्टवर एकदा उघडायचं, थोडं थांबायचं, पुन्हा फॉल्टवरच ऑन होऊन उघडायचं. बस. त्यानंतर त्याने पूर्ण करंट नेहमीसारखा वाहावा, अशी त्या मानकाची अपेक्षाच नाही. आमच्याकडे ब्रेकर फॉल्टवर ट्रिप झाला की "एकदा मारून बघ" म्हणायची पद्धत आहे. पुन्हा ट्रिप झाला तर "अजून एकदा मार". नाव आयसीयू ठेवणाऱ्याला पुढचं दिसलं असावं.

साफसफाईबद्दल दोन शब्द. ट्रॉलीमागचे जॉ, म्हणजे बसबारला पकडणारे चिमटे, काळे पडलेले दिसले की हेल्परला पॉलिश पेपर द्या आणि सांगा, आरशासारखं चकाकलं पाहिजे. घरातलं चांदीचं निरांजन जसं काळं पडतं, तसाच तो थर. त्याने सहसा काही बिघडत नाही. पण खाली चांदीचा मुलामा फक्त काही मायक्रॉनचा असतो, आणि पॉलिश पेपर काही हलक्या हाताचा नसतो. दहा मिनिटांत तांब्याचा लालबुंद रंग बाहेर येतो. साहेब म्हणतात, वा! तांब्यावर मग ऑक्साइड धरतो, तो वीज नीट जाऊ देत नाही. पण तोपर्यंत साहेबांची बदली झालेली असते.

तुमच्याकडे ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) व्हॅक्यूम ब्रेकर असेल, तर तुम्ही नशीबवान. कॉन्टॅक्टची निर्वात बाटली सीलबंद, आत टॉर्च जात नाही. तांबं-क्रोमियमचे कॉन्टॅक्ट दोन-तीन मिलिमीटर झिजले की आयुष्य संपलं, आणि हे कळायला बहुधा कॉन्टॅक्टच्या दांड्यावर खूण केलेली असते. कॉन्टॅक्ट झिजेल तसा दांडा थोडा थोडा आत सरकतो. ती खूण रंगवून टाका. पॅनेलला नवा रंग देताना हे नकळत होतंच. मायक्रोओहमचा आकडा इथे चांगला येऊनही कॉन्टॅक्ट झिजलेले असू शकतात, त्यामुळे ज्याला खरोखर मोजून फसायचं आहे त्याचीही इथे सोय आहे.

खंडेनवमीला मात्र हयगय नको. वर्षातून त्या एका दिवशी आमचं मेन पॅनेल पुसून, झेंडूचा हार घालून, हळदकुंकू लावून उभं असायचं. नारळ दारासमोरच फोडायचा. पाणी आत जाऊ नये म्हणून एकजण फडकं धरायचा. सव्वीस वर्षांतली आमची सगळ्यात काटेकोर प्रतिबंधक देखभाल तीच.

एका मे महिन्यात दुपारी पॅनेल रूमच्या बाहेर सुकट भाजल्यासारखा वास यायला लागला. कॅन्टीनवाल्याला दोघांनी विचारलं, आज काय स्पेशल? बेकलाइटसारखी इन्सुलेशन तापली की असा माशासारखा वास येतो, हे मला माहीत होतं. मीही कॅन्टीनवाल्यालाच विचारलं. तासाभराने दारावरचा रंग फुगला, तेव्हा ट्रिपचं बटण दाबलं. आत काहीतरी कण्हलं, पण ब्रेकर जागचा हलला नाही. शेवटी एचटीचा, म्हणजे वरच्या हाय टेन्शन बाजूचा, ब्रेकर ऑफ करून अख्खा कारखाना काळोखात घालावा लागला. ट्रॉली ओढली तेव्हा बी फेजचे कॉन्टॅक्ट एकमेकांत वितळून बसले होते, भोवती तांब्याचे मणी, आणि आर्क चूटच्या पट्ट्यांवर काजळी. प्रॉडक्शन दोन दिवस बंद. ते दोन दिवस मागितले कोणीच नव्हते, पण मिळाले.

चौकशी झाली. रजिस्टर स्वच्छ निघालं. मेल निघाला. कंत्राटदाराचा रिपोर्टही वेळेवर, म्हणजे पुढच्याच महिन्यात, आला. त्यात मेन एसीबी: ४२, ४३, ४२. शेरा: समाधानकारक. ब्रेकर तेव्हा गेटजवळ भंगाराच्या ढिगात, पावसात पडला होता.

भंगारवाला आला. त्याने ब्रेकर उलटा केला, कानशीने कॉन्टॅक्टवर एक रेघ मारली, अंगठ्याने पुसून उन्हात धरला, मग आरचा बघितला, वायचा बघितला, तिन्ही शेजारी ठेवून पुन्हा बघितले. इतक्या वर्षांत त्या कॉन्टॅक्टकडे एवढ्या आस्थेने बघणारा तो पहिलाच माणूस.

"साहेब, फार झिजलाय," तो म्हणाला. "चांदी राहिलीच नाही. तांब्याच्या भावाने घेईन."