बोनस आपला, पॉलिसी कुणाचीही

गाडीच्या विम्याची कंपनी बदलायचं नुसतं मनात आणायची खोटी, नाशिकचा एमएच-१५ नंबर वेबसाइटवर टाकून होतो न होतो तोच फोन: "सर, तीन हजारांनी स्वस्त!"

ही स्वस्ताई बहुधा आयडीव्हीत लपलेली असते. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली तर हाती येणारी जास्तीत जास्त रक्कम. ती उतरवली की हप्ता उतरतो. म्हणून मी आधी दोन्ही कोटेशनांत आयडीव्ही सारखी करून मागतो. तिथंच निम्मे ताई-दादा फोन ठेवतात. थर्ड पार्टीवर, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईच्या विम्यावर, घासाघीस नको. तो दर सरकारी, सगळीकडे एकच.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र सोडायचा नाही. २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा त्याच्या पायऱ्या. तो मालकाचा असतो, त्यामुळे कंपनी बदलली तरी आपल्यासोबत येतो. "क्लेम घेतलाय का?" हे विचारताना काही एजंट स्वतःच नकारार्थी मान हलवतात. त्यांच्या मानेवर जाऊ नका. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते आणि खोटं नेमकं क्लेमच्या वेळी उघडं पडतं.

द्वारका चौकातून रोज जाणाऱ्यानं झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-कव्हर, घ्यावंच. नाहीतर प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे घसाऱ्यात कापले जातात. आणि गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेलं बघायला गाडी घेऊन गोदाघाटावर उतरणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्टही घ्यावं. बुडालेली गाडी स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधी पॉलिसी हात वर करते. स्टार्टरला बोट लावायचं नाही, टोइंग बोलवायचं.

सगळं मुदतीच्या आत उरका. एक दिवस जरी उलटला तरी गाडीची तपासणी आली: चारी बाजू, काच, किलोमीटर, चासी नंबर, सगळ्याचे फोटो. बऱ्याच गाड्यांत हा नंबर पुढच्या सीटखाली असतो. कार्पेट उचललं की आधी दोन मनुके निघतात, मग हरवलेलं पेन, मग नंबर. तोही धुळीनं भरलेला, ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय फोटोत येत नाही. मुदत संपून ९० दिवस उलटले तर बोनसही गेला.

नवी पॉलिसी आली की नाव, इंजिन नंबर, कर्ज असेल तर बँकेचं नाव आणि बोनसची टक्केवारी ताडून बघा. मुदत संपताना बदलताय, तर जुन्या कंपनीला कळवायची गरज नाही. जुना एजंट आपल्याच बिल्डिंगमधला असेल तर महिनाभर लिफ्टऐवजी जिना वापरा.