पंप टाकीच्या आत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तीस वर्षं गॅरेज चालवताय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. फ्युएल पंपावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच रागावलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी पंप इंजिनाला बाहेरून लावलेला असायचा, दोन नट सोडले की हातात यायचा, आतला डायफ्रॅम म्हणजे लवचीक पडदा बदलला की गाडी रस्त्यावर. आता तोच पंप पेट्रोलात बुडवून ठेवलाय, वर त्यात वीज सोडलीय, आणि बिघडला की अख्खा संच विकत घ्या. हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे. शिवाय ‘पाव टाकीच्या खाली गेलं की पंप उघडा पडतो’ हे माझं वाक्य साफ चूक आहे, कारण पंप डब्यात बसतो आणि डबा भरलेलाच असतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ते वाक्य चुकलं, आणि लेखात ते मी दुरुस्त केलंय. पंपाभोवतीच्या प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी एक बारीक नोझल असतं. पंपाने दाबलेल्या पेट्रोलाचा छोटा झोत त्यातून सुटतो आणि जाता जाता आजूबाजूचं पेट्रोल आपल्याबरोबर डब्यात ओढून नेतो. टाकीत दोन बोटं पेट्रोल राहिलं तरी डबा भरलेला राहतो. तरीही पाव टाकी ठेवा असं मी आजही सांगेन. त्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतोच.

पण पंप बाहेर होता तेव्हा बरं होतं, हे मला पटत नाही.

मी आठवीत असताना मे महिन्यात कसारा घाटात आमची गाडी बंद पडली होती. ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगत चाललो होतो. आधी दोन-तीन आचके, मग शांत. वडिलांनी बॉनेट उघडलं. पंपाच्या डोक्यावरच्या काचेच्या वाटीत पेट्रोल असायला हवं होतं, तिथे नुसते बुडबुडे होते. वडिलांनी खांद्यावरचा पंचा पाण्याच्या बाटलीत भिजवला आणि पंपावर गुंडाळला. पंच्यातून वाफा निघाल्या. वीस मिनिटांनी वाटी भरली आणि गाडी सुरू झाली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. हे तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी पंपात काहीही बिघाड नव्हता. तो चुकीच्या जागी बसवलेला होता, एवढंच.

पेट्रोल ओढता येत नाही, काका. पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो. पेट्रोल ढकलते ती टाकीतली हवा. झाकणाचं भोक धुळीने बुजलेली स्कूटर आठवा. चार किलोमीटर जाते आणि थांबते. झाकण फिरवलं की सुस्स करून हवा आत शिरते आणि स्कूटर पुन्हा चालू. तिथे तर पंपही नाही, टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, तरीही हवेशिवाय थेंब उतरत नाही.

आता या हवेकडे जोर किती असतो ते बघा. समुद्रसपाटीला तिचा दाब 101 किलोपास्कल. 38 अंशांना पेट्रोलाच्या वाफेचाच दाब 60 च्या आसपास असतो. म्हणजे इंजिनाजवळच्या पंपाने आपल्या तोंडाशी 40 पेक्षा जास्त दाब घटवला की पाइपातच पेट्रोल उकळायला लागतं. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब 86 पर्यंत उतरतो, तिथे हातात राहतात 26. आणि तापलेल्या इंजिनाला चिकटलेला पंप काही 38 अंशांवर थांबत नाही. साठ अंशांच्या पुढे गेला तर पेट्रोल न ओढताही, उभ्या उभ्याच उकळतं. त्या काचेच्या वाटीतले बुडबुडे हेच होते.

टाकीतला पंप थंड जागी असतो आणि पेट्रोल त्याच्या तोंडाशी आपणहून येतं. ओढायचं काही उरतच नाही, तो फक्त पुढे ढकलतो. इंजेक्टरच्या, म्हणजे बारीक तोटीतून पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत हा दाब साधारण 3 बार (300 किलोपास्कल) किंवा त्याहून जास्त असतो, आणि त्या दाबाखाली तेच पेट्रोल नव्वद अंशांच्या पाइपातही द्रवच राहतं. कार्बोरेटरच्या वाटीत चार बुडबुडे आले तर वाटीतला साठा वेळ निभावून न्यायचा. इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो आणि तेवढ्यात ठरलेलं पेट्रोल जायला हवं. त्या क्षणी वाफ आली की सिलेंडर उपाशी. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून तर बहुतेक दुचाकींतही कार्बोरेटर गेला आणि पंप टाकीत आला. तुमच्याकडे त्याही येत असतील.

आता पाव टाकीचं. पंप साधारण 5 अँपिअर घेतो, म्हणजे 60 वॉट. 3 बारने तासाला 80 लिटर पेट्रोल दाबायला प्रत्यक्षात लागतात जेमतेम 7 वॉट. बाकीच्या पन्नासेक वॉटची उष्णताच होते, आणि ती जाते पेट्रोलात, कारण पेट्रोल मोटरच्या पोटातूनच वाहतं आणि तिला थंड ठेवतं. हायवेवर 80 च्या वेगाने जाणारी गाडी तासाला पाच-सहा लिटर पिते, उरलेलं सगळं फिरून टाकीत येतं. टाकीत 40 लिटर असतील तर या उष्णतेने पेट्रोल तासाला तीनेक अंश तापेल. पाचच लिटर असतील तर हिशेब पंचवीस अंशांवर जातो. हा कागदावरचा हिशेब आहे, टाकीची भिंत बरीच उष्णता बाहेर टाकते. पण फरक आठपट आहे हे खरं, आणि मे महिन्यातल्या डांबरावर भिंत तरी कुठे थंड असते. पेट्रोल तापलं की पंपाच्या तोंडाशीच वाफ व्हायला लागते, आणि मग टाकीच्या आतला पंपही घाटातल्या त्या पंपासारखाच वागतो.

दुसरं कारण हिंदकळण्याचं. काही वर्षं माझं कामच ते होतं: पारदर्शक टाकीत रंगीत पाणी भरायचं, टेबल हलवायचं आणि पाणी कुठे पळतं ते बघत बसायचं. लोकांना चढाची भीती वाटते. चढ म्हणजे फार तर पाच-सहा अंश. जोरात ब्रेक मारला की पेट्रोलाचा पृष्ठभाग तीस-पस्तीस अंशांनी कलतो, घाटातलं वळण वेगात घेतलं तरी वीसच्या पुढे जातो. टाकी भरलेली असेल तर काही होत नाही. तळाला पाच लिटर असतील तर ते सगळे एका कोपऱ्यात जमतात आणि डब्याच्या नोझलपाशी कोरडं पडतं. आतल्या आडव्या पट्ट्या हे पळणं अडवतात, डब्यातला साठा काही सेकंद काढून देतो. लांबलचक वळणावर तेवढे सेकंद पुरतातच असं नाही.

पाण्याचंही थोडं सांगतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात पाणी एका मर्यादेपर्यंत विरघळतं. त्यापुढे ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाला बसतं, आणि पंपाचं तोंड तळालाच असतं. रिझर्व्हवर पावसाळा काढणाऱ्या गाड्यांच्या पंपाची जाळी उघडून बघा.

खर्चाच्या बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मोटर गेली तर मोटर मिळायला हवी, फ्लोट (पेट्रोलाची पातळी दाखवणारा तरंगता भाग), डबा आणि झाकणासकट संच गळ्यात मारणं बरोबर नाही. मागच्या सीटखाली झाकण असलेल्या गाडीचा पंप अर्ध्या तासात निघतो. ज्यांना ते झाकण दिलेलं नाही, त्यांची भरलेली टाकी खाली उतरवावी लागते. पंप कधी ना कधी जाणार हे माहीत असताना पत्र्याला एक भोक ठेवलं नाही, ही आखणीतली चूकच आहे. तुमचा हा मुद्दा मूळ लेखात तुमच्या नावाशिवाय, ‘एका अनुभवी मेकॅनिकचं म्हणणं’ म्हणून घालतोय. चालेल ना?

राहिला प्रश्न विजेचा. पेट्रोलाची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच पेटते. आपल्या हवामानात बंद टाकीत वाफेचं प्रमाण त्याच्या कितीतरी वर असतं, आणि मोटरच्या आत तर हवाच नसते, नुसतं पेट्रोल. म्हणून ब्रशची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्याची ठिणगी तिथे काही करत नाही.

पण तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलंय की पंप बाहेर काढून, दोन वायरी बॅटरीला टेकवून फिरवून बघता. काका, हे आजपासून बंद करा. टाकीतून काढलेला पंप ओला असतो, त्यातली वाफ गॅरेजच्या हवेत मिसळते आणि बरोबर त्या पेटणाऱ्या प्रमाणात येते. टेकवलेल्या वायरीला ठिणगी पडतेच, कोरड्या मोटरच्या ब्रशला वेगळी. शिवाय पेट्रोलाविना फिरली की मोटर घासते ती वेगळीच. पंप आहे तिथेच राहू द्या, इंजिनाकडच्या रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला गेज लावा, चावी फिरवा आणि प्रेशर बघा. तेवढ्यात कळतं. हाताखालच्या मुलांनाही तसंच शिकवा.